एका घाण्याचा सोडा

कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाविषयी आरमोरीत कुणास शंका उत्पन्न झाली, तर ती लटारूभाऊंपुढे ठेवावी, असे खुद्द लटारूभाऊंचे ठाम मत होते. चाळीस वर्षे ते हातमागावर बसले होते. डोळे मिटून, दोन बोटांच्या चिमटीत कापड धरून, त्याचा किडा ऐनाच्या झाडावर वाढला की अर्जुनाच्या, हे ते सांगत. त्यांचे उत्तर पडताळून पाहणारा दुसरा कुणी गावात नसल्यामुळे ते आजवर एकदाही चुकले नव्हते.

अशा या जाणकार पुरुषास त्याच्या थोरल्या बहिणीने, मंगलीबाईने, गोंडपिपरीहून फोन केला. मंगलीबाईच्या पोटातील आजार फार पुढे गेला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी "घरी न्या, आणि मागतील ते द्या" असे सांगून तिला परत पाठविले होते. त्या वाक्याचा पहिला भाग ऐकून घरातील सर्वांना रडू कोसळले. मंगलीबाईस दुसरा भाग अधिक उपयोगाचा वाटला, आणि तिने मागितले.

"लटारू, मायचं कोशाचं लुगडं तुह्याच पेटीत हाय ना?"

"हाय बाई. काऊन?"

"त्याची गोधडी शिवून आण मले. बाबानं विनलं, मायनं नेसलं, आपन दोघं त्याच्याच पदराखाली निजलो. मले जाचं हाय तं त्याच्याखालून जाचं हाय."

"पंधरा दिवसांत आणतो. अशी गोधडी आणतो बाई, का दोन्ही जिल्ह्यांत..."

"जिल्हे राहू दे. पंधरा दिवस मी काढतो कसेतरी. सोळाव्याचं काही सांगत नाई."

शब्द देऊन लटारूभाऊ मोकळे झाले. परंतु गोधडी शिवावयास जागा लागते, आणि नेमकी जागाच त्या दिवसांत त्यांच्यापाशी उरली नव्हती. त्यांना घरकुल मंजूर झाले होते. जुने मातीचे घर पाडून त्याच जागी नवे उभे राहीपर्यंत लटारूभाऊ व त्यांच्या पत्नी सुगंधाबाई, दोघेही शेजारच्या आवारातील पत्र्याच्या एका खोलीत राहावयास गेले होते. मुली आपापल्या सासरी सुखरूप होत्या. खोलीत माणसे दोन आणि उद्योगही दोनच होते, कारण सुगंधाबाई हिवाळ्यात लोकांच्या गोधड्या शिवीत आणि बाराही महिने मोहाच्या बियांच्या तेलाचा साबण करीत. तो साबण बचत गटातर्फे बाजारात विकला जाई. चाळीस वर्षांच्या घरातले सामान त्या एका खोलीत आणून टाकल्यावर दार आतल्या बाजूस उघडेनासे झाले. तेव्हा लटारूभाऊंनी सामान कमी करण्याचे कार्य स्वतःच्या हाती घेतले.

"सात गाठोडे चिंध्या कायले लागते तुले?" त्यांनी विचारले.

"तुमच्या मोडक्या मागाचे धोटे तीन पेट्या हायेत, ते कायले लागते?"

"त्याले इतिहास हाय."

"माह्या चिंध्याइले पन हाय. हा पाहा, तुमचा लग्नातला सदरा हाय."

इतिहासाच्या या चर्चेत दोन दिवस गेले. शेवटी असे ठरले की, दोघांनीही आपापले निम्मे सामान काढावे. सुगंधाबाईंनी चार गाठोडी चिंध्या हरिदासला देऊन टाकल्या. हा हरिदास जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देत मोटारसायकलवर गावोगाव फिरत असे. लटारूभाऊंनी एक पेटी काढली. परंतु आपले निम्मे पूर्ण करण्यासाठी, सुगंधाबाई पाणी भरावयास गेल्या असताना, त्यांनी पत्नीच्या सामानातील दोन बादल्या व लाल झाकणाची एक प्लास्टिकची बरणी घरकुलाच्या मिस्त्रीस देऊन टाकली. बरणीतील पांढरा पदार्थ त्यांनी एका ताटात ओतून ठेवला. त्या पदार्थाकडे त्यांनी नीट पाहिले नाही. एका बरणीने जागा केवढी मोकळी झाली, हेच ते पाहत राहिले.

तो पदार्थ म्हणजे साबणाचा कॉस्टिक सोडा होता. सुगंधाबाईंनी एका घाण्यापुरता, म्हणजे एका वेळच्या साबणापुरता, तो तोलून ठेवला होता. हवा लागली की त्याला पाणी सुटते. म्हणून परत येताच त्यांनी घाईघाईने घट्ट झाकणाचा एक डबा शोधला. धुण्याच्या सोड्याचा जुना डबा रिकामा होता. त्यात त्यांनी तो भरला.

"ऐकलं का? धुण्याच्या सोड्याच्या डब्यात मी साबनाचा सोडा भरला हाय. त्याले हात नोका लावू."

"हाओ," लटारूभाऊ म्हणाले. त्या वेळी ते भिंतीवर एक तक्ता चिकटवीत होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार या दिवशी गोधडी. मंगळवार, गुरुवार, शनिवार या दिवशी साबण. रविवारी सुटी, असा तो तक्ता होता. एकाच खोलीत दोन उद्योगांनी एकमेकांच्या पायांत येऊ नये, हा त्यामागील उदात्त हेतू होता.

"रविवारी सयपाकाले पन सुटी हाय का?" सुगंधाबाईंनी विचारले.

"तो विषय तक्त्यात नाई."

सोमवारी संध्याकाळी सुगंधाबाई बचत गटाच्या बैठकीस गेल्या असता लटारूभाऊंनी पेटी उघडली. लुगडे पिवळे पडले होते व त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मायचे वस्त्र बहिणीच्या अंगावर असे घालणे त्यांना बरे वाटेना. त्यावरचा उपाय त्यांना बापाने शिकविला होता. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा हलका विरघळवावा, त्यात कोसा रात्रभर ठेवावा, सकाळी स्वच्छ पाण्यातून काढावा. कापड टाकण्यापूर्वी मात्र त्या पाण्यात दोन बोटे बुडवून एकमेकांवर घासून पाहावीत. बोटे भेंडीसारखी बुळबुळीत लागली तर पाणी जहाल आहे असे समजावे व कापड टाकू नये. कोशाचा कोणताही विणकर ही परीक्षा विसरत नाही. जेवताना आधी हात धुवावेत, तितकी ती अंगवळणी पडलेली असते.

डब्यातला थोडा सोडा विरघळवून लटारूभाऊ बोटे बुडविणार, एवढ्यात फोन वाजला.

"कुठी आली गोधडी?" मंगलीबाईचा आवाज बारीक झाला होता.

"आता लुगडंच हातात हाय बाई. उद्या धुऊन निंगते, परवा टाका घालाले घेतो."

"पिवळं पडलं असन."

"ते तू माह्यावर सोड. कोशातलं मले शिकवू नोको."

एका हातात फोन होता. दुसऱ्या हाताने त्यांनी उरलेला डबाही बादलीत रिकामा केला, कारण पिवळेपणा फार होता. मग लुगडे सोडले, काठीने ते खाली दाबले आणि वर ताट झाकले. बादलीतून वाफ येत होती. पाणी कोमट होते, तेव्हा वाफ येणारच, असे त्यांनी मनाशी म्हटले. धुतलेले लुगडे सकाळी पत्नीस एकदम दाखवावे, या विचाराने ते कुणाजवळ काही बोलले नाहीत.

मंगळवारी पहाटेच ते घरकुलावर निघून गेले, कारण त्या दिवशी दाराखिडक्यांवरचे सिमेंट पडावयाचे होते. सुगंधाबाई उठल्या. तक्त्याप्रमाणे तो साबणाचा दिवस होता. त्यांनी बादलीवरचे ताट उचलले, तो आत चहाच्या रंगाचे दाट पाणी दिसले, आणि शेजारी सोड्याचा डबा रिकामा दिसला.

साबणासाठी सोडा आदल्या दिवशीच पाण्यात विरघळवून निववावा लागतो. ते काम डोळ्यांना झोंबणारे, हात भाजणारे. अडतीस वर्षांच्या संसारात लटारूभाऊंनी त्यास कधी हात लावला नव्हता. आज, बहीण मरणाला टेकलेली असताना, घराचे बांधकाम चालू असताना, त्या मनुष्याने आपल्यासाठी सोडा भिजवून ठेवला, हे पाहून सुगंधाबाई बादलीपाशी खाली बसल्या व त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पाण्याचा रंग तेवढा चमत्कारिक होता; पण डबा गंजका, तेव्हा गंज उतरला असेल, असे त्यांनी ठरविले. नव्या गाळणीतून पाणी गाळताना तिच्यात लाल सुतांचा एक गुंता अडकला. उंदरांनी काहीतरी कुरतडून टाकले असेल, असे म्हणून त्यांनी तो खोलीमागे फेकला. मग तेल ओतले व साबण घोटला. तसा मऊ घोटलेला साबण त्यांच्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता. तो साच्यांत ओतून त्यांनी चार जणींना सांगितले, "आज आमच्या घरच्यानं हात लावला हाय."

दुपारी लटारूभाऊ जेवावयास आले, तो ताटात दोन उकडलेली अंडी. काहीतरी सण विसरलो काय, या धास्तीने त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली. मग विचारले, "बादली कुठी हाय?"

"धुऊन ठेवली."

"अन लुगडं?"

"कोनतं लुगडं?"

"मायचं. भिजत घातलं होतं ना बादलीत."

"बादलीत पानी होतं. लुगडं नव्हतं."

"लुगड्याले पाय हायेत का?" लटारूभाऊ ताटावरून उठले. "सकाळी इथी कोन आलं होतं?"

"कोनी नाई. हरिदास तेवढा आला होता, गाठोडं मांगाले."

एवढे पुरे झाले. लटारूभाऊंनी हातही धुतले नाहीत. हरिदास बाजारात झाडाखाली भांडी मांडून बसला होता. चार लोकांदेखत लटारूभाऊंनी त्याला चोर ठरविले व त्याची सारी गाठोडी सोडावयास लावली. हरिदासाने एकेक गाठोडे सोडले. साड्या निघाल्या, पडदे निघाले, मुलांच्या शाळेचे गणवेश निघाले. तिसऱ्या गाठोड्यातून लटारूभाऊंचा लग्नातला सदरा निघाला. तो कुणाचा हे त्यांनी लोकांस सांगितले नाही, परंतु खिशावर त्यांचे नाव भरतकामात होते.

"भाऊ," हरिदास शांतपणे म्हणाला, "कोशाचं लुगडं मले भेटलं असतं, तं बाईले मोठी डेग भेटली असती. चार गाठोड्यांत बाईले गाळणी भेटली हाय. त्यावरून समजून घ्या."

जमलेले लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "लटारूभाऊ, सदऱ्याले हात लावून सांगा ना, कोन्या झाडाचा हाय."

लटारूभाऊ परत आले तेव्हा सुगंधाबाई साच्यांपुढे बसल्या होत्या.

"अवो, लुगडं कायच्यात भिजवलं होतं?"

"सोड्यात. दुसऱ्या कायच्यात भिजवतेत?"

"कोन्या डब्यातल्या?"

लटारूभाऊंनी रिकाम्या डब्याकडे बोट दाखविले. ते बोट तसेच राहिले. सुगंधाबाई उठून खोलीमागे गेल्या व लाल सुतांचा गुंता घेऊन आल्या. तो मायच्या लुगड्याचा काठ होता. काठ सुताचा असतो. जहाल सोडा सुताला खात नाही. कोशाला तो असा खातो की, मागे केसभरही उरत नाही. हे ज्ञान आरमोरीत ज्याला सर्वांहून जास्त, तो मनुष्य डब्याजवळच खाली बसला.

"मनजे माय," तो म्हणाला.

"साच्यात हाय," सुगंधाबाई म्हणाल्या.

बाहेर मिस्त्री वाळूबद्दल विचारावयास आला व दोघांकडे पाहून परत गेला.

"मले वाटलं, तुमी माह्यासाठी केलं," सुगंधाबाई म्हणाल्या. "मी अंडे केले."

मेलेल्या आईचे लुगडे गेले, मरत्या बहिणीस दिलेला शब्द गेला, हे दुःख लटारूभाऊंना ओळखता येत होते. परंतु त्या दोन अंड्यांचे दुःख कोणत्या जातीचे, ते त्यांना कळेना, आणि तेच रात्रभर सलत राहिले.

सोळाव्या दिवशी फोन आला. "झाली का?"

"होऊन राह्यली बाई. टाका बारीक घेतला हाय."

"मी हाय," मंगलीबाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती, पण ती होती.

विसाव्या दिवशी टाका अधिक बारीक झाला. पंचविसाव्या दिवशी दोरा संपला. खोटे बोलण्याचा सराव नसल्यामुळे लटारूभाऊ कारणे आधी कागदावर लिहून ठेवीत. मग एके दिवशी भाच्याचा, राजदीपचा, फोन आला. आता सारे सांगून टाकावे म्हणून लटारूभाऊंनी तोंड उघडले, तोच राजदीप हलक्या आवाजात म्हणाला,

"मामाजी, गोधडी सावकास शिवा. डॉक्टर म्हने आठ दिस. आज अठ्ठाविसावा हाय. रोज सकाळी पहिलं इचारते, आली का? नाई म्हनलं का पेज पिते. म्हनते, आंग धरून राहा लागन."

लटारूभाऊंनी उघडलेले तोंड मिटले. जी गोधडी नव्हती, ती बहिणीस जगवीत होती. आपल्या मूर्खपणाचे त्यांना प्रथमच बरे वाटले, आणि पुढचे दहा दिवस ते मन लावून खोटे बोलले. इकडे बांबूच्या तट्ट्यावर साबणाच्या वड्या वाळत होत्या. सुगंधाबाईंनी त्या बचत गटाला दिल्या नाहीत. विकावे कसे, हे त्यांना कळेना. आणि वापरावे कसे, हेही कळेना.

अडतिसाव्या दिवशी राजदीप पुन्हा बोलला, तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. "मामाजी, आता नोका थांबवू. राती वरडते. गोळी लागत नाई. गोधडीसाठी थांबली हाय ती. घेऊन या अन सोडवा."

लटारूभाऊंनी भिंतीवरचा तक्ता फाडला. आपल्या हातचा शेवटचा कोसा त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीसाठी राखून ठेवला होता. तो काढून त्यांनी पत्नीपुढे ठेवला. सुगंधाबाईंनी तीन दिवस व तीन रात्री टाके घातले. कडेला मायच्या काठाची लाल सुते ओवली. निघताना पिशवीत त्यांनी दोन वड्याही टाकल्या.

"ह्या कायले?"

"सांगाचं काम पडलं तं."

गडचिरोलीस गाडी बदलून दोघे संध्याकाळी गोंडपिपरीस पोहोचले. मंगलीबाई खाटेवर होती. ती इतकी लहान झाली होती की, लटारूभाऊंनी आधी खाट रिकामीच समजली. गोधडी अंगावर घालताच तिने डोळे मिटून दोन बोटांत कापड धरले.

"हे मायचं नोहोय," ती म्हणाली.

"बाई, जुनं झालं की कोसा..."

"लटारू. मी पन त्याच बापाची लेक हाय."

मग लटारूभाऊंनी सांगितले. बरणी सांगितली, डबा सांगितला, हरिदास सांगितला. सांगताना ते लहान मुलासारखे उभे होते.

"मंग माय कुठी हाय?" शेवटी मंगलीबाईने विचारले.

सुगंधाबाईंनी पिशवीतून वडी काढून तिच्या हातात दिली. मंगलीबाईने ती नाकाशी नेली. "मोहाचा वास येते," ती म्हणाली. "मायच्या आंगाले पन येये, मोहं येचून आली का." मग राजदीपला म्हणाली, "पानी गरम कर."

सुगंधाबाईंनी तिला कोमट पाण्याने खाटेवरच आंघोळ घातली. फेस दाट आला व रेशमासारखा उतरला. मंगलीबाई आपलाच हात उलटसुलट करून पाहत राहिली. अंग पुसल्यावर ती गोधडीखाली निजली. लाल काठाचे सूत तिने मुठीत धरले होते. त्या रात्री ती ओरडली नाही.

उजाडता उजाडता तिने लटारूभाऊंना जवळ बोलाविले. आशीर्वाद असेल, निदान क्षमा तरी असेल, म्हणून लटारूभाऊंनी कान तिच्या ओठांशी नेला. राजदीपही वाकला.

"सोड्यात बोटं बुडवून पाह्यलं नाई का रे, लटाऱ्या?"

"नाई बाई. तू फोनवर होती."

"मंग टाक माह्यावर," मंगलीबाई म्हणाली. हसली असावी. त्यानंतर ती काही बोलली नाही. ऊन दारात आले तेव्हा ती गेली होती.

आपल्याकडे दुखवट्याच्या भेटीस आलेला मनुष्य बसल्या बसल्या एक गोष्ट अवश्य विचारतो, की शेवटी काय बोलल्या. राजदीप स्वभावाने सत्यवादी होता. तो ते शब्द जसेच्या तसे सांगे. परंतु सोडा कोणता, बोटे कशाची, हे ऐकणाऱ्यास कळत नसे; म्हणून त्याला सारी हकिगत अगदी बरणीपासून सांगावी लागे. लटारूभाऊ कोपऱ्यात बसून असत. हकिगत संपली की, पाहुणे त्यांच्याकडे वळून पाहत, आणि ते मान हलवीत. बायका डोळे पुसत. पुरुष खाली पाहून मिशीत हसत. दहा दिवसांत असे पस्तीस-चाळीस वेळा झाले.

अकराव्या दिवशी राजदीप सामान आणावयास बाजारात गेला असता, आष्टीकडचे तीन पाहुणे आले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांतील वडीलधाऱ्याने विचारले, "काय बोलल्या शेवटी?"

घरात सांगणारा दुसरा कुणी पुरुष नव्हता. लटारूभाऊंनी घसा साफ केला व स्वतःच हकिगत सांगितली. आतापर्यंत ती त्यांना पाठ झाली होती, आणि त्यांनी ती चांगली रंगवून सांगितली. लुगड्याचे वर्णन केले, आईबापांचे केले, रोगाचे केले. सोड्याशी येताच मात्र त्यांना खोकला आला.

"तं मंग त्या डब्यात," ते म्हणाले, "कसा कोन जाने, साबनाचा सोडा भरल्या गेला."

आत चुलीपाशी बसलेल्या सुगंधाबाईंचा आवाज आला. "भरल्या गेला नाई. माही बरणी कोनं देली मिस्त्रीले, ते पन सांगा."

पाहुण्यांनी लटारूभाऊंकडे पाहिले. लटारूभाऊंनी तेही सांगितले.